पाणपक्षी मोजायला शिकताना: चौदा महिन्यांची नोंदवही

१२ जानेवारी २०२५ च्या रात्री साडेआठला आमच्या तळ्यावरच्या पाणपक्षी गणनेची यादी पाठवून दिली. ५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेलं एक काम त्या रात्री पुरं झालं. मधल्या चौदा महिन्यांत माझ्या तीन वह्या भरल्या. त्या समोर ठेवूनच हे लिहितेय. सुरुवातीला मला काहीच कळत नव्हतं, आणि विचारायचं कुणाला हेही ठाऊक नव्हतं. ज्यांची आज तशीच अवस्था आहे त्यांना यातून थोडी वाट दिसेल, अशी आशा आहे.

५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. २०२३ मध्ये ५ तारीख रविवारी आली होती आणि पुण्यात घराजवळच्या बागेत सकाळी साडेसहाला फेरी असल्याचा निरोप सोसायटीच्या गटावर आला. मी गेले. सोबतच्या पंधरा जणांपैकी पाच-सहा जण झाडाकडे नुसती नजर टाकून नावं घेत होते: हळद्या, राखी धनेश, हिरवट वटवट्या. मला फक्त पानं हलताना दिसत होती. दीड तासात मी स्वतःच्या डोळ्यांनी ओळखलेले पक्षी चार: कावळा, पारवा, साळुंकी, पोपट. घरी येताना वाईट वाटलं, खरंच वाटलं. याच बागेत मी अकरा वर्षं चालायला जात होते.

त्या फेरीत सत्तरीचे एक काका होते. निघताना मी त्यांना विचारलं, "काका, एवढी नावं पाठ कशी होतात?" ते म्हणाले, "नाव राहू दे बेटा. आधी तो काय करतोय ते बघ. खोडावर आहे, की जमिनीवर, की फांदीच्या टोकाला? शेपटी हलवतोय? उडून परत त्याच जागी येतोय? एवढं लिहीत जा. आणि जागा बदलू नकोस." पुढचं वर्षभर मी जे केलं ते एवढंच. दोन जागा ठरवल्या, ही बाग आणि शहराच्या कडेचं एक जुनं तळं. दर रविवारी एक जागा, आलटून पालटून.

पहिला खर्च दुर्बिणीचा. मी एक महिना दुर्बिणीशिवाय काढला आणि तुम्हीही तसंच करा असं सांगेन, कारण त्या महिन्यात कान तयार होतात. ३ डिसेंबरला ८ बाय ४२ ची दुर्बीण घेतली, ९,८०० रुपये. यातला ८ म्हणजे किती पट जवळ दिसतं, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानात मला १० बाय ५० चाही आग्रह झाला, पण ती जड होती आणि हात थरथरला की पक्षीही थरथरायचा. आठ पटीत चित्र स्थिर राहतं आणि नजरेचा पट्टाही रुंद मिळतो. आणल्यावर पहिले आठ दिवस मला दोन वेगवेगळी वर्तुळं दिसायची, डोकं दुखायचं. मग कळलं की दोन नळ्यांमधलं अंतर आपल्या डोळ्यांपुरतं जुळवायचं असतं. त्यानंतर उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं चित्र स्पष्ट करायचं, आणि मग डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवायची. चष्मा असेल तर डोळ्याजवळची रबरी कडी आत दाबायची. आणि पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरून हलवायची नाही. डोळे तिथेच ठेवून दुर्बीण वर आणायची. या एका सवयीला मला तीन आठवडे लागले.

२४ डिसेंबरला काकांच्या गटाबरोबर कवडीला गेले. सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवर बंधारा आहे, तिथे. नदीला वास होता, फेस होता, आणि तरीही त्या पाण्यात चक्रवाकांच्या जोड्या उभ्या होत्या, नारिंगी अंग आणि फिकट डोकं. शेकाट्यांचे लांब गुलाबी पाय, बंधाऱ्याच्या भिंतीवर पांढरे धोबी, वर नदी सुरय. घाणेरड्या पाण्याचं दुःख आणि त्या पक्ष्यांना पाहिल्याचा आनंद एकाच वेळी मनात होता. ते दोन्ही एकत्र राहतातच, हे मी त्या दिवसापासून मान्य केलंय.

मग १४ जानेवारी २०२४. आमच्या तळ्यावर गणना होती. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था ती चालवते आणि आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तिचं काम पाहते. त्या एक-दोन आठवड्यांत आशियातल्या कितीतरी देशांत लोक आपापल्या तळ्यांवर उभे राहून पाणपक्षी मोजत असतात. मला लेखनिकाचं काम मिळालं. मोजणारी ताई दुर्बिणीतून डोळा न काढता बोलत होती: "वारकरी चाळीस, हळदी-कुंकू बारा, टिबुकली सात, परत वारकरी साठ, थापट्या वीस, नाही, बावीस." मला थापट्या म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं, मी 'थापाड्या' लिहिलं. वारकऱ्यांचे आकडे तीन ठिकाणी विखुरले. शेवटी बेरीज करताना दोन आकडे एकाच थव्याचे आहेत की वेगळ्या, हे मला सांगता येईना. ताई रागावली नाही. तिनं तो भाग पुन्हा मोजला, पण तोवर ऊन चढलं होतं आणि अर्धे पक्षी पाणकणसात शिरले होते. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, पुढच्या जानेवारीत एक भाग मी स्वतः मोजायचा, आणि नीट मोजायचा.

फेब्रुवारीत ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी पाठवायच्या संकेतस्थळावर, खातं उघडलं. पैसे लागत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन पक्ष्यांची नावं मराठीत करून घेता येतात, ते आधी करा, कारण मग फोनवरची यादी आणि तोंडातलं नाव एकच राहतं. १६ ते १९ फेब्रुवारी या चार दिवसांत परसबागेतल्या पक्ष्यांची जागतिक गणना होती. निदान पंधरा मिनिटं एका जागी थांबायचं आणि दिसलेला, ऐकलेला, ओळखता आलेला प्रत्येक पक्षी संख्येसह लिहायचा, एवढाच नियम. यादी पाठवताना एक प्रश्न येतो: तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी यात आहेत का? कावळा, पारवा सोडून फक्त 'खास' तेवढे लिहिले असतील तर उत्तर 'नाही' द्यायचं. मी पहिल्या दोन याद्यांत पारवे वगळून 'हो' म्हटलं होतं, नंतर दुरुस्त केलं. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल आला, त्यात ९४२ जातींचा विचार झाला आणि तो तीस हजारांहून जास्त हौशी लोकांच्या अशाच याद्यांवर उभा आहे. कोणती जात घटतेय हे कळायचं तर ती कुठे कुठे दिसली नाही, तेही कळावं लागतं. म्हणून पारवासुद्धा लिहायचा.

३ मार्चला भिगवण. पुण्याहून साधारण शंभर किलोमीटर, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. चौघी मिळून गाडी केली, कुंभारगावात नावेचे १,२०० रुपये झाले. आदल्या वर्षी पाऊस कमी पडल्यानं उजनीचा उपयुक्त साठा उण्यात गेला होता आणि पाणी खूप आत सरकलं होतं. किनाऱ्यापासून नावेपर्यंत भेगाळलेल्या गाळातून चालावं लागलं. रोहित (फ्लेमिंगो) मात्र होते, अडीच-तीनशे तरी असतील. चोच उलटी करून उथळ पाण्यात हळूहळू पुढे सरकत होते. मी फोटोसाठी उभी राहिले तर नाववाले दादा म्हणाले, "ताई, खाली बसा. त्यांनी सगळ्यांनी माना वर केल्या बघा, म्हंजे आता थांबायचं. आणखी जवळ गेलं की उडत्यात, आन् उडलं की खाणं राहतं त्यांचं." आम्ही तिथूनच मागे फिरलो. पक्ष्याच्या मानेकडे लक्ष ठेवायला मी त्या नाववाल्या दादांकडून शिकले. त्यांच्यासारख्या मच्छीमारांनाच नावेसाठी घ्या, अंगावर जॅकेट मागून घ्या, आणि थव्यातून नाव घालायला कधीही सांगू नका. परतताना पट्टकादंबांचा एक छोटा थवा दिसला, डोक्यावर दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून आलेला पक्षी इंदापूर तालुक्यातल्या गवतात चरताना पाहणं, यावर मला आजही नीट लिहिता येत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये बाग श्रीमंत होती. काटेसावर फुलली की एका झाडाखाली तासभर उभं राहायचं, सगळे तिथेच येतात: भोरड्या, कोतवाल, बुलबुल, शिंजीर, खाली सांडलेल्या फुलांवर खारी. तांबटाचा टुक टुक आवाज मी जन्मभर ऐकला होता, पण तो पक्षी चिमणीएवढा आणि हिरवा आहे हे पहिल्यांदा पाहिलं. आवाज ओळखायला मर्लिन हे अॅप चांगलं आहे, मात्र त्यानं नाव दाखवलं म्हणून यादीत लिहायचं नाही. नाव दिसल्यावर तो पक्षी शोधायचा, सापडला तरच नोंद करायची. आणि विणीच्या काळात फोनवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. हद्दीत दुसरा नर शिरलाय असं समजून तो घरटं सोडून येतो. २१ एप्रिलच्या यादीत भोरड्या नाहीत. त्याआधीच्या फेरीला दीडशे होत्या.

मे महिन्यात तळं निम्म्यावर आलं. १९ मेला गाळाच्या कडेनं चालताना एक टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली, मग दुसरी. मी जागच्या जागी थांबले. पायापासून तीनेक हातांवर खड्यांमध्ये चार अंडी होती, खड्यांसारखीच. आलेल्या पावलांवरच मागे गेले. टिटवी अंगावर येत असेल तर पुढे-बाजूला न जाता आल्या वाटेनंच परतावं, म्हणजे न दिसलेलं दुसरं घरटं पायाखाली येत नाही. तिथे खुणेला काडीसुद्धा ठेवली नाही, कावळे आणि कुत्री अशा खुणा लगेच शिकतात.

८ जूनला पुण्यात मुसळधार कोसळला आणि ९ जूनच्या रविवारी तळ्याकाठच्या बाभळीवर चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. पावशा तर पहाटेपासून 'पेर्ते व्हा' म्हणत होता. लहानपणी आजी हा आवाज ऐकवायची तेव्हा मला वाटायचं, ही गोष्टीतलीच काहीतरी गंमत आहे. त्या सकाळी वहीत मी फक्त वेळ लिहिली, ६:५०, आणि बराच वेळ दुसरं काही लिहिलं नाही.

पावसाळा मात्र अवघड गेला, आणि याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेक जण इथेच सोडतात. तळं भरलं, कडेचा गाळ बुडाला, म्हणजे चिखलात चरणाऱ्यांना जागाच उरली नाही. बदकं तर कधीच गेली होती. ७ जुलैला दोन तासांत तळ्यावर नऊ जाती. २१ जुलैला पाऊस एवढा की सात. २५ जुलैला मुठेला पूर आला, त्यानंतरचा रविवार मी घरीच काढला. खर्चही होत होते: गमबूट ४५०, छत्रीऐवजी रेनकोट ९००, आणि दुर्बिणीच्या आत धुकं धरल्यासारखं दिसायला लागलं तेव्हा साफसफाईचे ६००. दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं, बुरशीची सुरुवात होती. तेव्हापासून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात दुर्बीण ठेवते. पेनाची शाई पसरते, म्हणून पावसात शिसपेन्सिल.

पण याच दोन महिन्यांत मी खरं पाहायला शिकले. पक्षी कमी, त्यामुळे एकेकाला वेळ देता आला. वंचक, म्हणजे ढोकरी, ज्याला आपण कुठल्याही डबक्याच्या काठी बघतो आणि सोडून देतो. एरवी मातकट, उडाला की अचानक पांढरे पंख, म्हणून तो वंचक. पावसाळ्यात त्याची पाठ गडद तांबूस झाली होती, मानेवर पिवळसर झाक. गायबगळ्यांच्या डोक्या-मानेवर केशरी रंग चढला होता. पाण्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरणींची वीस-बावीस घरटी, त्यातली कित्येक अर्धवट. नर घरटं अर्धं विणून त्याला लोंबकळत पंख फडफडवतो, मादी आत शिरून बघते, आणि पसंत पडलं तरच पुढचं विणकाम होतं. मी एका नराला तीन रविवार पाहिलं. तिसऱ्या वेळी त्याच्या घरट्याला बोगदा आला होता. त्या दिवशीची माझी यादी आठ जातींची आहे आणि वर्षातल्या सगळ्या याद्यांमध्ये मला ती सगळ्यात प्रिय आहे.

१८ ऑगस्टला सामान्य तुतवार, एकटाच, सांडव्याच्या दगडांवर शेपूट वर-खाली करत. ८ सप्टेंबरला, ऋषिपंचमीच्या सकाळी, त्याच दगडांवर करडा धोबी. थोरला धोबी बारा महिने इथेच असतो, हा मात्र हिमालयाकडून येतो. मागच्या वर्षी कुणी "धोबी आले" म्हटलं असतं तर मला काही वाटलं नसतं. या वर्षी जूनपासून ते दगड रिकामे पाहिले होते, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं.

१२ ऑक्टोबरला दसरा होता आणि त्याच दिवशी ई-बर्डचा ऑक्टोबरचा मोठा दिवस, जगभर एकाच दिवशी पक्षी नोंदवायचा. पहाटे तळ्यावर गेले, दुपारी घरी सोनं वाटलं. तळ्यावर साठेक बदकं उतरली होती, सगळी भुरकी. पुस्तकातल्या चित्रांत मला जवळचं एक नाव सापडलं, 'गडवाल', आणि मी ६० लिहून पाठवून दिले. चार दिवसांनी ई-बर्डच्या तपासनीसाची मेल आली, अतिशय सभ्य: एवढ्या लवकर एवढी संख्या इथे नेहमीची नाही, फोटो किंवा वर्णन देता येईल का? मी फोटो उघडून पुन्हा पाहिले. चोच लांब आणि टोकाला पसरट. ते थापट्या होते, तेच, ज्यांना मी जानेवारीत 'थापाड्या' लिहिलं होतं! बदकांचे नर विणीनंतर रंगीत पिसं टाकतात आणि काही महिने मादीसारखे मातकट दिसतात. ऑक्टोबरात येणारे बरेचसे तसेच असतात. म्हणून या महिन्यात रंगावर जाऊ नका, चोच आणि अंगाची ठेवण बघा. फोटोत दिसत होते त्या २३ बदकांना थापट्या केलं आणि उरलेले 'बदक, जात निश्चित नाही' या पर्यायात टाकले. असा पर्याय यादीत असतो. तो वापरण्यात काहीही कमीपणा नाही, चुकीच्या नावापेक्षा तो कितीतरी बरा.

आता परवानगीची गोष्ट. आमच्या गटानं या वेळी तळ्याचे चार भाग करून चार जोड्यांनी मोजायचं ठरवलं होतं. दोन भागांसाठी कुंपणाच्या आत, बांधावर जावं लागतं आणि तिथे लेखी परवानगी लागते. कागदाचं काम मी मागून घेतलं. १८ नोव्हेंबरला संबंधित कचेरीत गेले तर निम्मे टेबल रिकामे, २० तारखेला विधानसभेचं मतदान, सगळे निवडणुकीच्या कामावर. २५ नोव्हेंबरला अर्ज दिला. १० डिसेंबरला चौकशी केली तेव्हा कळलं की तळं एका खात्याचं आणि सुरक्षा दुसऱ्याकडे, म्हणून अर्ज पुढे पाठवलाय. तिकडे गेले, तिथे तो पोचलेला नव्हता. माझ्याकडे शिक्का मारलेली पोच आणि आवक क्रमांक होता म्हणून पंधरा मिनिटांत शोध लागला. नसता तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर तारीख-शिक्का-आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. २० डिसेंबरला त्यांनी सहभागी लोकांची यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती मागितल्या. ड्रोन वापरणार नाही, पाण्यात उतरणार नाही, पक्षी पकडणार नाही, असं एक हमीपत्रही. हे सगळं पहिल्याच अर्जाला जोडलं असतं तर दहा दिवस वाचले असते. गणनेचा उद्देश, तारीख, वेळ, माणसं किती, वाहनं किती, हेही लिहा. ३ जानेवारीला पत्र हातात आलं, एकूण ३९ दिवस. त्या काळात मला रात्री झोप नीट लागत नव्हती, कारण तारीख पुढे ढकलली तर गणनेचा पंधरवडाच संपला असता. शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी पत्र देताना विचारलं, "मोजून काय करता हो?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आकडा मलाही कळवा." मी कळवला.

त्यांना जे सांगितलं ते इथेही लिहिते. रामसर करार हा पाणथळ जागा जपण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार. त्याखाली एखादी पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरवायच्या कसोट्यांत दोन कसोट्या थेट पाणपक्ष्यांच्या मोजणीवर आहेत. तिथे नियमितपणे वीस हजार किंवा जास्त पाणपक्षी असणं ही एक, आणि एखाद्या जातीच्या त्या समूहातले एक टक्का पक्षी तिथे असणं ही दुसरी. कुणी वर्षानुवर्षं मोजलंच नसेल तर हे सिद्ध कशानं होणार? आमचं तळं तेवढं मोठं नाही, ते रामसर होणार नाही. पण कमी झाले की वाढले, हे आकड्याशिवाय आम्हालाही सांगता येत नाही.

सरावासाठी २२ डिसेंबरला नांदूर मध्यमेश्वरला गेलो. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा हा बंधारा २०२० च्या सुरुवातीला महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाला. चापडगावच्या मनोऱ्यावरून आम्ही दिवसभर फक्त मोजत होतो. पद्धत अशी: थव्यातले दहा पक्षी एक-एक करून मोजायचे, ते दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवायचं, मग तेवढे तुकडे पुढे मांडत जायचं. मोठा थवा असेल तर पन्नासाचा तुकडा. नवख्या माणसाचा अंदाज सहसा कमी पडतो, माझा तर निम्म्यानं पडायचा. दुपारी भोवत्या आला, पाणथळीवर खालून फिरणारा शिकारी, आणि अख्खा थवा हवेत. मार्गदर्शक दादा म्हणाले, "आता बसतील तेव्हा मोजा. उडताना मोजलेलं आणि बसल्यावर मोजलेलं मिसळू नका." नाशिक मार्गे जाऊन-येऊन, राहण्याखाण्यासकट माणशी २,३०० रुपये झाले.

१२ जानेवारी, रविवार. सव्वासहाला जमलो. कडाक्याची थंडी, पाण्यावर धुकं. पूर्व काठचा भाग मी मागून घेतला होता, सकाळी सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. माझ्याबरोबर लेखनिक म्हणून एक कॉलेजातला मुलगा होता, पहिल्यांदाच आलेला. त्याला आदल्या रात्री जातींची नावं छापलेला कागद दिला होता, नावापुढे मोकळे चौकोन, म्हणजे पक्षी येईल तसा आकडा त्याच चौकोनात पडेल. सात वाजून दहा मिनिटांनी धुकं उठलं. आधी कडेचे आणि लाजरे: जांभळी पाणकोंबडी १४, कमळपक्षी ६, ठिपकेवाला तुतवार ११. हे उन्हाबरोबर आत जातात म्हणून आधी. मग मोकळं पाणी. हळदी-कुंकू ६४, थापट्या ११८, भुवई बदक ३५. शेवटी वारकरी. कपाळावर पांढरं गंध, अंग काळं, आणि सगळे सतत हलणारे. पहिल्या वेळी ४६०. डावीकडून उजवीकडे पुन्हा, ५१०. मुलाला दुर्बीण दिली आणि त्याला मोजायला लावलं, त्याचे ४९०. आम्ही ४९० लिहिले.

मागच्या वर्षी याच भागात ताईंनी साडेसातशेच्या वर मोजले होते. जाळं सोडवत बसलेल्या मामांना मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, "कमीच हायेत की. ती जलपर्णी बघा कुठवर आलीय. त्यांना पवायला पाणी नको?" दक्षिणेचा फाटा खरंच हिरवा झाला होता, त्यावर पाणकोंबड्या चालत होत्या. एका वर्षावरून कारण ठरवता येत नाही, हे मला माहीत आहे. यादीखालच्या टिपेत आम्ही दोन वाक्यं लिहिली: दक्षिण फाटा जलपर्णीनं झाकलेला. मोकळं पाणी मागच्या वर्षीपेक्षा कमी.

साडेनऊला चारही जोड्या चहाच्या टपरीवर जमल्या. चारही कागदांवरचे आकडे मीच एकत्र केले, या वेळी बेरजेत एकही थवा दोनदा आला नाही. शेजारच्या जोडीनं आणि आम्ही २८ चक्रवाक दोघांनी लिहिले होते, वेळ ताडून पाहिली तर तेच थव्यानं इकडे आले होते. म्हणून प्रत्येक मोठ्या थव्यापुढे वेळ आणि उडाल्याची दिशा लिहायची. तळ्याची एकूण संख्या १,७३२, जाती ४१.

त्या मुलानं जाताना माझ्याकडून कोऱ्या चौकोनांचा कागद मागून घेतला. आणि मी परवानगीच्या अर्जाची संगणकातली प्रत उघडून तारीख बदलून ठेवली आहे: १ नोव्हेंबर २०२५, हमीपत्र आणि ओळखपत्रांच्या प्रतींसह.